गालावरचा अबोला

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला स्वतःचा चेहरा विसरायची सोय नसते. भिंतींवर आरसे, टेबलावर आरसा, गिऱ्हाइकाच्या हातात आरसा. दुसऱ्याच्या नाकावर फ्रेम बसवताना समोरून आपलंच नाक आपल्याकडे बघत असतं. या चष्मेवालीने अशा दुकानात उभं आयुष्य काढलं. अगदी शब्दशः उभं, कारण दुकानातलं एकुलतं एक स्टूल गिऱ्हाइकासाठी होतं.

हात मात्र तिचा बसलेला. टेबलाच्या कोपऱ्यात गरम हवेची एक लहानशी पेटी असे. फ्रेमची दांडी त्या हवेवर धरायची, प्लास्टिक मऊ झालं की अंगठ्याने वाकवायची आणि गिऱ्हाइकाच्या कानामागे नेमकी बसवायची. माणसाचे दोन कान कधी एका रेषेत नसतात, हे तिचं आवडतं मत. ते ती ज्याला त्याला ऐकवायची. लोक आरशात कान बघत घरी जायचे आणि दोन दिवस बेचैन व्हायचे. एका नाजूक मुलीने ताटाएवढ्या काचांची फ्रेम उचलली तेव्हा ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड होईल, बाई." मुलीने गोंधळून विचारलं, "कुठला मोती? हा तर चष्मा आहे." त्यावर चष्मेवाली दिवसभर एकटीच हसत होती.

या धंद्यात गिऱ्हाईक तोंडापासून वीतभर अंतरावर येतं. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर तिच्या गालांवर बारीक लाल शिरा आणि तपकिरी ठिपके उमटले, ते तिच्याआधी गिऱ्हाइकांना दिसले. मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करत. पोरं थोडीच करतात? पहिला चष्मा घ्यायला आलेल्या एका पोराने बोट लावूनच विचारलं, "काकू, तुमच्या गालावर नकाशा आहे?" त्याच आठवड्यात तिने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आयुष्यात स्वतःच्या हौसेसाठी केलेली ही बहुधा तिची पहिलीच गोष्ट.

तिथे तिला आडवं झोपवलं, गालांना गार जेल फासलं आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. तो नाकावर सैल होता, हे तिच्या लक्षात आलंच, पण झोपलेल्या माणसाने धंदा करू नये म्हणून गप्प बसली. मग प्रकाशाचे झटके सुरू झाले. मिटलेल्या डोळ्यांतही लख्ख व्हायचं आणि गालावर रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसायचा. उठली तेव्हा आरशात दोन्ही गाल लालबुंद.

"दोन-चार दिवस लाली राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग आपोआप उतरेल. फक्त उष्णतेपासून जपा."

ती घरी आली. घरात तिची वाट बघणारं माणूस एकच, तिचे वडील. आई गेल्यापासून बापलेक दोघंच राहत होते. वडिलांची आठवण उसवत चालली होती. दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईला ते कधी 'वहिनी' म्हणत, कधी 'साहेब'. शेजाऱ्याला टपालवाला समजत. स्वतःचं नाव विचारलं तर "असेल काहीतरी" म्हणून सोडून देत. पण लेकीची ओळख पक्की होती. ती दारात चप्पल काढते न काढते तोच आतून हाक यायची, "चिमणे, आलीस?" पन्नाशीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारी ही चिमणी "आले, बाबा," म्हणायची आणि तिचा दिवसाचा शीण उतरायचा. जगात तिला चिमणी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती हाक आहे तोवर सगळं सोसेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी ती खोलीत आली. वडिलांनी तोंड उघडलं. "चि..." एवढंच बाहेर पडलं. त्यांची नजर तिच्या गालांवर गेली आणि खाली वळली. ते खुर्चीच्या कडेला सरकले, अपराधी पोर बसतं तसे. मग तिच्या मागे, दाराकडे, खाली, लहान मूल उभं असावं अशा उंचीवर बघू लागले.

"चिमणी कुठे गेली?" ते म्हणाले. तिला नव्हे. भिंतीला.

भिंतीशी बोलणं तिच्या ओळखीचं होतं.

भिंतीला कान असतात म्हणतात. या घराच्या भिंतीला आईवडिलांच्या भांडणात तोंडसुद्धा फुटायचं. आई रागावली की ओरडायची नाही, आदळआपट करायची नाही. तिच्या गालांवर दोन लाल चट्टे चढायचे, नेमके इथेच, आणि तोंड बंद व्हायचं. अबोला! कधी एक दिवस, कधी आठवडा. मग चिमणीचं टपाल सुरू. "चिमणे, आईला सांग, माझा निळा शर्ट सापडत नाही." ती धावत स्वयंपाकघरात. "चिमणे, बाबांना सांग, डोळे उघडून शोधा म्हणावं." ती धावत परत. दोघं एकमेकांपासून चार हातांवर असायची, तरी निरोप चिमणीमार्फतच जायचा. तिचा एक बाणा होता. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. यात तिने कधी चूक केली नाही, आणि त्याबद्दल वडील तिला अर्धं बिस्किट देत.

अबोला संपायचा तोही आईच्या पद्धतीने. माफी कुणी मागायची नाही. चट्टे उतरत यायचे, आणि एखाद्या संध्याकाळी आई दुसरीकडेच बघत म्हणायची, "अहो, कडी लावलीत का?" झालं. त्या 'अहो'मध्ये सगळं आलं. अबोल्याच्या दिवसांत घरात सगळे शब्द चालायचे, फक्त हा एक बंद असायचा. वडील म्हणायचे, "लावली." आणि घर पुन्हा घर व्हायचं.

शेवटचा अबोला मात्र संपला नव्हता.

त्याचं कारण ऐकलं तर हसू येईल. बैठकीच्या खोलीत आईवडिलांच्या लग्नाचा फोटो होता. त्यात आईचे डोळे नेमके मिटलेले. पाहुणे आले की वडील तो दाखवून म्हणायचे, "बघा, हिने मला न बघताच लग्न केलं." आई इतकी वर्षं हसत आली होती. त्या दिवशी नाही हसली. का, ते तिचं तिलाच माहीत. गाल लाल झाले आणि तोंड मिटलं. दोन दिवसांनी वडिलांनी दुकानात फोन केला. चष्मेवालीच्या एका हातात तापलेली दांडी, समोर खोळंबलेलं गिऱ्हाईक.

"चिमणे, आईला जरा सांग..."

"बाबा, ती शेजारच्या खोलीत आहे ना? तुमचं तुम्ही सांगा. मी काय पोस्टमन आहे का?"

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी आई पिशवी घेऊन बाहेर पडली, आणि परत येताना जिन्यात टेकली ती उठलीच नाही. काय सांगायचं होतं हे लेकीने वडिलांना कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही आणि नंतर वडिलांनाच आठवेनासं झालं, असं तिला वाटलं. अशा वेळी माणूस सुटलो म्हणतो. ती सुटली नव्हती.

दोन-चार दिवसांत उतरणारी लाली दोन-चार आठवडे झाले तरी उतरेना. मलम झालं, गार पाण्याच्या पट्ट्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं.

"उन्हात जाता?"

"छत्री घेऊन जाते."

"शेगडीजवळ फार वेळ?"

"सोबतीची बाई करते स्वयंपाक."

"मग उतरायला हवी. काही काही त्वचा हट्टी असते. धीर धरा."

रोगापेक्षा औषध जबर झालं होतं. दुकानात लोक विचारत, "उन्हाने का हो?" आणि ती हो म्हणून सोडून देई. लोकांचं तिला काही वाटेना. तिला भीती वाटू लागली ती आरशांची. वय झालं तसा तिच्या तोंडावळ्यात आईचा चेहरा आधीच डोकावू लागला होता. आता त्याला गालही मिळाले. गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून सहज वर बघावं, तर समोर आई उभी. रागावलेली, तोंड मिटलेली. ही मान वळवी, तीही वळवी. ही फ्रेम पुसून पेटीत ठेवी आणि वर बघायचं टाळी, तरी ती बघतेय हे मानेला कळायचं.

आणि घरी गेलं की दुसरंच. चप्पल काढताना आतून हाक नाही. खोलीत गेलं की वडील अंग चोरून बसलेले. चहाचा कप ती पुढे करी, तो ते खाली बघून घेत. बशीत अर्धं बिस्किट बाजूला काढून ठेवलेलं असायचं. ती दुसऱ्या खोलीत गेली की मात्र आवाज यायचा, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "चिमणे... ए चिमणे, इकडे ये." ती "आले, बाबा" म्हणत धावत यायची, आणि तिला बघताच ते गप्प. ते टेबलाखाली वाकून बघायचे. पडद्यामागे बघायचे.

एकदा सोबतीच्या बाईने विचारलं, "ताई, हे कुठल्या मुलीला शोधतात हो? आज कपाट उघडून बघत होते."

"आहे एक," ती म्हणाली. "इथेच असते."

तिलाही मग त्या पोरीचा भास होऊ लागला. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या बोळात कुणीतरी धावत गेल्यासारखं वाटे. निरोप तोंडात धरलेली, पोचवायला माणूस न सापडलेली. आपण आपल्यालाच घरातून हाकलून दिलं, असं तिला वाटायचं आणि रडू यायचं.

तोड सापडली ती दुकानातच. एक गिऱ्हाईक रंगीत काचांचे नमुने पसरून निघून गेलं. ते आवरताना तिने गडद गुलाबी काच सहज डोळ्यापुढे धरली आणि आरशात बघितलं. आई नव्हती. सगळंच गुलाबी, त्यात गालाची लाली कुठल्या कुठे विरलेली. फक्त ती होती. दमलेली, पण ती. तिने काच खाली केली. आई. वर केली. आपण. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी दुकानाच्या मालकांनी विचारलं, "काय, स्वतःलाच विकताय का?"

वडिलांच्या चष्म्याचा नंबर तिला पाठ होता. त्याच नंबरच्या गुलाबी काचा तिने करून घेतल्या आणि त्यांच्या जुन्या फ्रेमसारखीच फ्रेम निवडली. त्यांचा डावा कान किंचित वर, म्हणून दांडी वाकवायला ती गरम हवेच्या पेटीवर ओणवी झाली. गालांना ऊब लागली, आणि एकदम तिचा हात थांबला. उष्णतेपासून जपा! ऊन सांगितलं होतं, शेगडी सांगितली होती. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत या पेटीवर तोंड धरून आपण गाल शेकत बसलोय, हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. पेटी तिच्या लेखी उष्णता नव्हतीच, ती हाताचं सहावं बोट होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुसऱ्या दिवसापासून दांड्या तापवायचं काम मालकांनी घेतलं आणि पहिल्याच फ्रेमची पोळी करून ठेवली.

चष्मा तयार झाला त्याच संध्याकाळी तिने मागून येऊन वडिलांच्या डोळ्यांवर नवा चष्मा चढवला आणि मग समोर जाऊन बसली.

वडिलांनी खोलीभर बघितलं. मग तिच्याकडे. चेहरा असा उजळला की तिच्याने बघवेना.

"चिमणे! कुठे होतीस गं? किती हाका मारल्या."

"आले, बाबा."

ते पुढे वाकले, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आई इथेच होती आत्ता. रागात आहे. ऐक, तिला सांग, फोटो काढला मी."

"कुठला फोटो?"

"तोच. डोळे मिटलेला. भिंतीवरून काढला म्हणावं. परत कुणाला दाखवणार नाही."

तिने बैठकीच्या भिंतीकडे बघितलं. नुसता खिळा होता. आई गेल्यावर ती या घरात परत राहायला आली तेव्हाही फोटो कपाटातच होता. बघवत नसेल म्हणून त्यांनी उतरवला असेल, असं ती इतके दिवस समजत होती. तो आईच्या नंतर उतरला नव्हता. आई शेजारच्या खोलीत असताना उतरला होता, आणि ते सांगायला त्यांनी फोन केला होता.

"जा ना," वडील म्हणाले. "बसून काय राहिलीस?"

ती उठली. बोळात, बेसिनवर, हातभर आरसा होता. इतके दिवस ती त्याच्यासमोर खाली बघून तोंड धुवायची. आज तिने वर बघितलं. आई होती. गाल लाल, तोंड मिटलेलं.

"बाबांनी सांगितलंय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा बारीक निघाला. "फोटो काढला त्यांनी. परत कुणाला दाखवणार नाहीत."

समोरचे डोळे भरून आले. ओठ काही म्हणाले नाहीत. ती बराच वेळ थांबली, उत्तरासाठी थांबायची सवयच होती तिला. मग परत आली.

"काय म्हणाली?"

पदरचं काही घालायचं नाही. "ऐकलं तिने," ती म्हणाली. "बोलली नाही."

"गाल?"

"आहेत अजून लाल."

वडिलांनी मान हलवली. "उतरतील. वेळ लागतो तिला." आणि बशीतलं अर्धं बिस्किट तिच्या हातावर ठेवलं.

मग ते रोजचंच झालं. चष्मा चढला की चिमणी यायची, निरोप घेऊन बोळात जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. तिची हाक तिला मिळाली होती. पण ती हाक मारणारा माणूस रोज आईच्या उत्तराची वाट बघत झुरत होता, आणि ते उत्तर जगात कुणाकडेही नव्हतं. वडिलांचं खाणं कमी झालं. "अजून नाही बोलली?" एवढंच ते विचारायचे.

पेटी सुटली तशी लाली मात्र उतरू लागली. आधी कडा विरल्या, मग मधला भाग फिकुटला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. आरशातली आई रोज थोडी थोडी निवत होती, आणि चष्मेवालीला कळेना, आपल्याला बरं वाटतंय की पुन्हा एकदा कुणी जातंय.

एका संध्याकाळी चष्म्याचा बारीक स्क्रू ढिला झाला म्हणून तिने तो वडिलांच्या डोळ्यांवरून काढून घेतला. स्क्रू आवळला, काचा पुसल्या, चष्मा चढवायला हात पुढे केला. वडील तिच्याकडे बघत होते. उघड्या डोळ्यांनी, सरळ तिच्या गालांकडे. आज त्यांनी नजर खाली घातली नाही. चिमणीला शोधलं नाही. भिंतीकडे बघितलं नाही.

"राग उतरला वाटतं," ते तिला म्हणाले.

चष्मा तिच्या हातात होता. तो चढवला असता तर पुढचा शब्द 'चिमणे' आला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. एवढंसं काम, आयुष्यभर हजारदा केलेलं. समोर वडील हनुवटी किंचित उचलून बसले होते, श्वास धरून.

तिने चष्मा मिटून टेबलावर ठेवला. खिडकीकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "कडी लावलीत का?"

"लावली," वडील म्हणाले. "केव्हाच लावली गं." आणि त्यांनी इतका मोठा निःश्वास सोडला, की एवढ्या वर्षांचा तो आत कुठे मावला होता कोण जाणे. त्यांनी तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने काहीतरी आठवून ते म्हणाले, "मी फोटो काढला. चिमणीला सांगितलं होतं तुला सांगायला. सांगितलं ना तिने?"

निरोपात कधी एक शब्द इकडचा तिकडे न केलेली बाई ती.

"सांगितलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं."

"वाटलंच मला. पोर निरोप चुकवत नाही कधी."

त्या रात्री ते पोटभर जेवले.

लाली पुढे पार गेली. गाल स्वच्छ झाले, लाल शिरा नाहीत, ठिपके नाहीत, नकाशा पुसला. गुलाबी चष्मा तिने एकदा भीत भीत वडिलांना घालून बघितला. ते तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "अगं, सगळं गुलाबी दिसतंय. काढ हे." चिमणीला त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. निरोप्याचं काम संपलं होतं.

आता ती कामावरून येते, चप्पल काढते आणि क्षणभर दारातच थांबते. सवय आहे, जायला वेळ लागेल. मग आत जाते, वडिलांना चहा देते, आणि दिवे लावताना विचारते, "अहो, कडी लावलीत का?"

"लावली," ते म्हणतात.

ती दाराशी जाऊन बघते. कडी उघडीच असते. आवाज होणार नाही अशी ती लावते आणि आत येते.